काखेइतकं पुढे

एकोणनव्वदावं मिनिट.
समुद्रावरचा वारा पत्र्याखालून आत शिरलेला,
आणि आमच्या नऊ नंबरनं बॉल जाळ्यात घातला.

नॉर्मन थर्लवेल उठला नाही.

सात वर्षं मी त्याच्या शेजारच्या सीटवर बसते.
पूर्वी गोल झाला की हा माणूस
गुडघ्याचं ऑपरेशन विसरून उडायचा.
एकदा त्याच्या कोपरानं माझा चष्मा चार रांगा खाली गेला,
आणि हातोहात वर आला, न फुटता.
आज त्यानं पंचाकडे बोट दाखवलं. पंचाचा हात कानावर.
"थांब, पेट," म्हणाला.
सन्डरलंडमध्ये सगळ्यांनाच पेट म्हणतात, लाडानं.
मराठी कानाला वाटतं, थांबही म्हणतोय आणि पेटही.

चाळीस हजार माणसं अर्धवट उठलेली.
मुठीत अक्षता धरून वऱ्हाड उभं असावं
आणि भटजींना फोन यावा, तसं.
पडद्यावर जांभळी पाटी: तपासणी चालू आहे.

दूर लंडनकडे कुठल्याशा खोलीत
कुणीतरी आमच्या पोराच्या खांद्यावर रेघ ओढत होतं.
मी हॉस्पिटलात सोनोग्राफी करते.
दिवसभर हेच. रेघा.
सावलीला कडा नसते, ती आपण ठरवतो.
श्वास रोखा म्हटलं तरी आत काहीतरी हलतंच.
म्हणून चार मिलिमीटर लिहिलं की
पुढे मी लिहिते: अधिक-उणे एक.
त्यांच्या रेघेपुढे कुणी काही लिहीत नाही.

मिरजेला आट्यापाट्यांची पाटी आम्ही टाचेनं ओढायचो.
वाकडी यायची.
ज्याचा भाऊ मोठा त्याचा पाय कधीच रेघेवर पडायचा नाही,
आणि बाकीचे ओरडायचो, रडीचा डाव, खडी!
पण तो भाऊ समोर उभा असायचा.
त्याला निदान दगड दाखवता यायचा.

चार मिनिटं दहा सेकंद.
गोल नाही.
काख पुढे होती म्हणे, बाहीच्या शिवणीइतकी.
काखेत कळसा ऐकला होता,
आमच्या काखेत ऑफसाइड निघाला.

मग सुटला आवाज.
विकले गेलेत, मोठ्या क्लबांचे नोकर,
आमच्या मागची शाळकरी पोरगी तर असं काही बोलली
की तिच्या बापानं बूट बांधायला खाली मान घातली.
नॉर्मननं कोटातून वही काढली.
तारीख, मिनिट, पंचाचं गाव.
आमच्याविरुद्ध: बत्तीस.
मी विचारलं, आणि आपल्या बाजूनं?
"ते कोण लिहितं?"

हसणार होते मी.
पण माझीही अशी एक वही आहे, कागदाची नाही.
तीनदा हुकलेली बढती,
मुलाखतीतल्या त्या बाईंचं माझं नाव दोनदा विचारणं,
पेशंटचं म्हणणं, दुसरं कुणी नाही का.
तिच्यातही एकच रकाना.
त्यातलं किती खरंच होतं
आणि किती माझ्या रेघेची जाडी,
रिप्ले कुठे असतो त्याला.

शून्य-शून्य.
पुलावर वारा आणखी बोचरा.
खाली नदी, जिथे त्याचा बाप जहाजं बांधायचा.
नॉर्मन थांबला. गुडघा असेल, वाटलं.
"तू उठली होतीस?"
अर्धी, म्हटलं.
"मीही उठायला हवं होतं," तो म्हणाला,
"नंतर काय ते काढून घेतलं असतं त्यांनी."

दिव्याखाली त्यानं वही पुन्हा उघडली.
मी सांगितलं, पुढे अधिक-उणे लिही.
"म्हणजे?"
म्हणजे कितीनं चुकलंय ते माहीत नाही.
बराच वेळ पेन हवेत.
मग काढलं त्यानं ते चिन्ह:
अधिक ठसठशीत,
उणे जेमतेम.