सातशे ऐंशी ग्रॅम

नागपूरहून खोक्यात आली दोन चाकं.
इनायत मिस्त्रीनं आधी तारा मोजल्या :
"वीसच? बाकीच्या कंपनीनं खाल्ल्या का, पोरी?"
परतवाड्याची अर्धी चाकं त्याच्या हातानं सरळ झालेली,
छत्तीस तारांची, दुधाच्या कॅनखाली वाकलेली.

समोर पुंजारामच्या गाड्यावर
मोठ्या काट्याला सुतळीनं टांगली
एकीकडे जुनी जोडी, एकीकडे नवी.
नव्या बाजूला तो संत्री टाकत गेला.
तीन. चार.
पाचव्याला दांडी थांबली.
"म्हंजे सहा महिन्यांच्या पगारात तुनं
पाच संत्री कमी केली."
हिशेब चुकलेला नव्हता.

मिस्त्रीनं मागचं चाक आसाला धरून फिरवलं.
रातकिड्यासारखं टिकटिकत राहिलं.
त्यानं बिडी पेटवली, ओढली, विझवली,
चाक फिरतंच.
"याले कोनी सांगतलं नाही वाटते,
दुकान बंद कराचं आहे."

पहाटे धामणगाव गढीच्या पुढं घाट लागला.
चढ तोच. छाती तीच.
मोथ्याच्या आधी ज्या वळणावर नेहमी उतरते
त्या दिवशीही उतरले,
फक्त शंभर पावलं पुढं,
जिथून सागांमागं खाली धुकं दिसतं
आणि रस्त्याच्या मधोमध एक रानकोंबडा,
माझं काहीच देणं नसल्यासारखा.
पाठीच्या खिशात पुंजारामची संत्री होती,
वजन केलेलीच, पाचही.
दोन तिथं खाल्ली.

जुनं चाक मिस्त्रीच्या दारात, पत्र्याला टांगलेलं.
वालाचा वेल चढतोय त्यावर,
तारा न मोजता.