अर्धविरामाचा खण

कुरखेड्याच्या कॉलेजात मी लॅबचा शिपाई.
सकाळी अकरा संगणकांवरची फडकी काढतो,
झटकतो, घडी घालून कपाटात ठेवतो.
त्यातले सात चालू होतात.

प्रोग्रॅम मला येत नाही.
चूक दिसते.

सोळा वर्षं वडशाच्या छापखान्यात खिळे जुळवले,
मंडईच्या दिवसांत रात्र-रात्र नाटकांची पत्रकं,
डोक्यावर उभी अक्षरं, बोटांनीच वाचायची.
वरच्या कोपऱ्यात अर्धविरामाचा खण होता,
कायम भरलेला.
नाटकवाल्यांना उद्गारचिन्हं लागत, तीन-तीन एकदम,
ती सदा कमी पडायची.
अर्धविराम कुणी मागितलाच नाही.
पुढे छापखाना बसला, शिसं किलोने गेलं,
तो खण तेव्हाही भरलेलाच होता.

आणि इथे बघावं तर
प्रत्येक पोराचा नेमका तोच हरवलेला.

करिष्मा उसेंडी, मालेवाड्याहून एसटीने येते.
आज पहिला प्रोग्रॅम: धानाची पोती,
सकाळची खेप, दुपारची खेप, बेरीज.
निळा पडदा म्हणाला, चौदा चुका.
तिने हात मागे घेतले,
झटका बसावा तसे.
"मी तं नऊच ओळी लिवल्या जी,
चौदा कुठून आल्या?"

सर इलेक्शन ड्यूटीवर. म्हणून मी.

आठव्या ओळीवर पट्टा थांबलेला.
ती आठवी पुसते, पुन्हा तशीच लिहिते,
पुसते, लिहिते.
आठवीत काही नाही पोरी.
वाचणारा जिथे अडखळतो
त्याच्या आधीच खिळा पडलेला असतो.
सातवीचं टोक बघ.
"इथं तं काहीच नाही."
तेच तर.

टिंब, त्याखाली स्वल्पविराम, एक कळ.
चौदाच्या तीन झाल्या.
अकरा गेल्या कुठे म्हणून तिने
टेबलाखाली वाकून पाहिलं, आणि हसली.
एक महिरपी कंस उघडा राहिला होता, तो मिटला.
वर नाव ठेवलं होतं पोते, खाली हाक मारली पोती;
यंत्र म्हणालं, या नावाचं इथं कुणी राहत नाही.
तिसरी आपोआप गेली.
का, ते मला विचारू नका.

मला असं कुणी अडवलं असतं एकदा.
एकवीस तारखेच्या जागी बारा जुळवली मी,
दोनच खिळे, बोटं झोपेत,
आणि ट्रेडलने हूं की चूं न करता
आठशे पत्रकं छापून दिली.
बाराच्या रात्री आडवाटेचं एक गाव
चादरी, कंदील, मुरमुऱ्याच्या पुरचुंड्या घेऊन
मोकळ्या पटांगणात येऊन बसलं.
मांडव नाही, पेटी नाही, नट नाही.
कोंबडा आरवेपर्यंत बसले,
कागदावर छापलं होतं म्हणून.
रागवायलाही कुणी आलं नाही माझ्याकडे.

"झालं जी! शून्य!"
करिष्माने श्वास धरला.
सकाळची खेप? चार.
दुपारची? सात.
पडदा म्हणाला: एकूण पोती अठ्ठावीस.

कुठेही लाल नाही, कुठेही पट्टा नाही.
मुकाट छापलं.
माझ्या पाठीतून ट्रेडलचा तो जुना धडधडाट गेला.

"चार न् सात अकरा," ती म्हणाली, बोटं मोडत,
"घरी सांगतलं तं बाबा नाचनच."
मी वाकलो. ओळी सरळ, कंस मिटलेले,
अर्धविराम जागच्या जागी.
मला काही दिसेना. इथपर्यंतच येतं मला,
असं म्हणालोही बहुतेक.

ती पहिल्या ओळीपासून निघाली,
काचेवर बोट टेकवून,
ओठ हलवत, सावकाश.

बाहेर मालेवाड्याच्या गाडीने हॉर्न दिला.
खिडकीकडे न बघता तिने
दुसरा हात वर केला:
थांब.