एक्केचाळीस उत्तरं

एप्रिल. सोलापूर त्रेचाळीस अंशांवर.
नळाला पाणी यायला अजून दोन दिवस,
आणि माझ्या टेबलावर एक्केचाळीस उत्तरं:
सोलापुरातील वस्त्रोद्योगाच्या घसरणीची कारणे लिहा.

सगळ्यांची सुरुवात एकच, बदलत्या जागतिक परिप्रेक्ष्यात.
सगळ्यांना अचानक 'तथापि' लिहिता येऊ लागलंय.
गेल्या साली 'किंमत'ला दुसरी वेलांटी देणारा इरफान रंगरेज
आज लिहितो, 'बहुआयामी'.
खाडाखोड नाही कुठे.
वर्गाच्या खिडकीतून दिसणारा बंद कारखाना
एक्केचाळिसांतल्या एकाही उत्तरात नाही.

लाल पेन उघडलं. मिटलं.
शून्य कुणाला देऊ?
प्रश्नही मी त्यालाच विचारून काढले होते
रविवारी, शेंगाचटणी-भाकरी खाता खाता,
चार मिनिटांत.
हे वर्गात कुणाला सांगितलेलं नाही.
इथे सांगतोय.

रोल नंबर सतरा, अनुषा गुर्रम, तिला बोलावलं.
आईच्या विड्यांना दोरा बांधून मग कॉलेजला येणारी.
"हे तू लिहिलंस?"
"नाही सर."
इतकं सरळ, की माझंच पुढचं वाक्य अडलं.
मग तिनं मोबाइल पुढं केला.

रात्रीचे सव्वाबारा.
तेलुगू, मराठी, मोडकं इंग्रजी, एकाच ओळीत:
मागणीची लवचिकता म्हणजे काय
अर्थं कालेदु, परत सांग
विडीचं उदाहरण देऊन सांग
विडी महागली तर शेजारचा मामा सोडेल का
म्हणजे तो लवचिक नाही का
परत सांग
चिडू नको, परत सांग

चिडू नको.

तीन वर्षं ती तिसऱ्या बाकावर बसली.
तीन वर्षांत माझ्याकडे तिचा एक प्रश्न नाही.
मी दर तासाला विचारायचो, समजलं ना?
आणि विचारता विचारताच डस्टर उचलायचो.

त्या रात्री मीही विचारलं त्याला,
न बोलणाऱ्या पोरांना बोलतं कसं करावं.
त्यानं सात मुद्दे दिले, ठळक अक्षरांत.
सातही बरोबर.
सातही सेटच्या परीक्षेला मी पाठ केले होते.

सोमवारी उत्तरं परत दिली, गुण न लिहिता.
म्हटलं, मोबाइल उघडे ठेवा हवं तर,
पण ज्याच्या घरात माग होता त्यानं तोंडानं सांगा.
बराच वेळ नुसता पंखा बोलला.
मग मागून कुणीतरी, "सांग की बे!"
आणि हशा.
इरफान उठला. त्याचा चुलता सूत रंगवायचा,
हात ईदलासुद्धा निळे.
एवढंच सांगून बसला.
बहुआयामी वगैरे काही नाही.

मग सतरा नंबर.
"सर, आमचे तातय्या जॅकार्डचे पत्ते कापायचे.
जाड पुठ्ठ्याला भोकं.
भोक असेल तिथं दोरा उचलायचा, नसेल तिथं नाही.
चादरीवरचा मोर म्हणजे तीच भोकं, दुसरं काय.
एकदा पत्ते कापले
की माग वर्षानुवर्षं तोच मोर काढायचा, हजार चादरींवर.
तर तातय्यांना पैसे एकदाच मिळायचे
का दर मोरामागं?
ते आता नाहीत, विचारायला.
मोबाइल म्हणतो, हे अवलंबून असतं."

मला माहीत नाही, म्हटलं.
अकरा वर्षांत हे वाक्य वर्गात पहिल्यांदाच,
घशाला कोरड पडली.
खडू घेतला.
प्रश्न लिहिला, तिच्याच शब्दांत, 'मागं'वरच्या अनुस्वारासकट,
खाली जागा सोडली.

घंटा झाली. मल्लिनाथ शिपाई डस्टर घेऊन आला.
राहू दे, म्हटलं.