ॲग्रीच्या पुढे

शिवाजीनगरला, फॅमिली कोर्टाच्या भिंतीला लागून माझं टेबल.
एक कॉम्प्युटर, एक खोकणारा प्रिंटर,
पानाला पंधरा रुपये, चूक माझी असेल तर फुकट.

ॲग्रीच्या पुढे मी अजून थबकतो.
माणसाशी विथ, अटीला टू, तारखेवर ऑन.
रात्रशाळेत खाजगीवाले सरांनी डस्टर आपटून
पाठ करून घेतलं होतं,
पण खडू बसला तो शर्टावर.

आज दोघं आली. वकील आत, दुसऱ्या केसमध्ये,
मसुदा हातानं लिहिलेला.
ती टेबलाच्या या बाजूला, तो त्या,
मधे माझा चहा.
वारज्याचा फ्लॅट तिला : टू.
पोटगी एकरकमी : टू.
मुलगा कुठल्या रविवारी कुणाकडे : ऑन.
कुत्र्याचं काहीच लिहिलं नव्हतं.
त्याच्यावर दोघं दहा मिनिटं बोलली,
हळू आवाजात, जवळजवळ हसत.

मग मी हाताच्या सवयीनं टाइप केलं,
दोन्ही पक्ष ॲग्री विथ ईच अदर…
ती वाकून बघत होती.
"काका, विथ नको.
ते असतं तर इथं आलो असतो का?"
"अगं, व्याकरणात बरोबर आहे ते," तो म्हणाला.
"हेच," ती म्हणाली. "हेच ते."

पाच वेळा बॅकस्पेस.
चार अक्षरं आणि एक मोकळी जागा.

आपल्याकडे बरं, वाटून गेलं,
पटतं किंवा पटत नाही, एका शब्दात संसार.
पण कुठलं काय. तिला पटतं, त्याच्याशी पटतं, दोघांचं पटतं,
ला, शी, चं,
शेपट्या आपल्यालाही आहेतच.
फक्त त्या लागायच्या आधी
नावाला जरा वाकावं लागतं :
तो आधी त्याच्या होतो,
मग कुठं शी चिकटतो.
शाळेत याला विभक्ती म्हणायचे.
जोडणाऱ्या गोष्टीचं हे नाव कुणी ठेवलं, कुणास ठाऊक.

तीन प्रती घेऊन गेली दोघं.
तो मेट्रोच्या जिन्याकडे, ती रिक्षात.

चारच्या सुमाराला ती एकटीच परत आली.
"एक ओळ वाढवायची होती.
कुत्रा त्याच्याकडे राहील. लिव्हच्या पुढे…
इथं विथ चालेल ना?"

"इथं विथच लागतं," मी म्हणालो.

त्या ओळीनं दुसरं पान लागलं.
पंधरा रुपये घेतले.