पान दोन, खाली डावीकडे

एकोणतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वेलांट्या मोजतोय.
नारायण पेठ, दुसरा मजला, रात्री नऊ ते दोन.
तीन ट्यूबलाइट, त्यातली एक
अजून पेटायचा विचारच करते आहे.
'निघृण' नव्हे, 'निर्घृण'.
'कोट्याधीश' नव्हे, 'कोट्यधीश'.
एवढंच माझं राजकारण.

त्या मंगळवारी निशिगंधा ओव्हाळची बातमी आली.
नदीकाठच्या नव्या भिंतीखाली माणसं गेली होती.
तीन, असं तिनं लिहिलं होतं.
सोमारू, वय चोवीस. त्याची बहीण बुधनी.
तिसऱ्याचं नाव हजेरीच्या वहीत नव्हतं,
म्हणून ठेकेदाराच्या मते तो मेलाही नव्हता.
सगळा मजकूर दोनदा वाचला, एकही चूक नाही.
चूक सापडली नाही की मला झोप लागत नाही.

साडेअकराला वरून फोन.
वर म्हणजे तिसरा मजला.
तिसऱ्या मजल्यालाही कुणीतरी वर असतं.
आधी 'तीन'चे 'काही' झाले.
मग 'मृत्यू'ची 'दुर्घटना' झाली,
'दुर्घटने'चा 'प्रकार'.
पावणेबाराला प्रकारही गेला
आणि त्या जागी एक वाढदिवस आला,
आठ कॉलम, चार रंग, जोडलेले हात.
तोही तपासायला माझ्याकडेच.
'अभिष्टचिंतन' होतं. मी 'अभीष्टचिंतन' केलं.
हात आपोआप जातो हो.

गुरुवारी तिला बोलावणं आलं. चहाला, म्हणाले.
सहा तास. चहा काही दिला नाही.
संध्याकाळी तिनं मला पावती दाखवली:
'मोबाईल नग एक, जूना.'
"काका, बघा, 'जू' दीर्घ," म्हणाली आणि हसली,
मग नळाखाली कितीतरी वेळ हात धूत राहिली.

चूकभुलीची चौकट मीच भरतो.
पान दोन, खाली डावीकडे, दोन इंच.
ती कुणी वाचत नाही, तिसरा मजलाही नाही.
शुक्रवारी रात्री लिहिलं:
'बुधवारच्या अंकात पान तीनवर
एक बातमी छापली गेली नाही.
त्याबद्दल आम्ही दिलगिर आहोत.'

घरी गेलोच नाही.
पहाटे अप्पा बळवंत चौकात
पोरं गठ्ठ्यांच्या सुतळ्या कापत होती,
अंगठ्याला थुंकी लावून पुरवण्या आत सारत होती.
मी चहाचा ग्लास धरून उभा. निवला तरी धरून.
सायकली गेल्या, स्कूटर गेल्या.
झाडूवाली आली, तिनं सुतळ्या गोळा केल्या.
बाकी काही झालं नाही.

सोमवारी एक पोस्टकार्ड आलं.
शनिपाराजवळचे कुणी वि. ग. चिरमुले, निवृत्त.
'"दिलगीर"मधील "गी" दीर्घ असते.
आपल्या पत्राकडून ही अपेक्षा नव्हती.'
एकोणतीस वर्षांत माझी पहिली.
चुकून गेली की मीच सोडली,
शपथेवर विचारलंत तरी सांगता येणार नाही.

कार्ड खणात टाकणार, तेवढ्यात कडेला,
जागा संपल्यावर लिहितात तसं, आडवं, मुंगीएवढं:
'ती बातमी कोणती, कळवावे.'

तर आता माझ्यासमोर एक कोरं कार्ड आहे.
पन्नास पैशांचं. सुट्टे नव्हते म्हणून दहा आणली.
चिरमुल्यांचा पत्ता लिहून झाला.
सोमारू, लिहिलं. बुधनी, लिहिलं.
पुढे एक ओळ मोकळी सोडली आहे.
तिथं ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न नाही, नावच ठाऊक नाही.
निशिगंधाला विचारलं असतं.
त्याच्या गावाकडच्या कुणाचा तरी नंबर मिळाला होता तिला,
तो त्या फोनमध्ये आहे.