डोकं ठेचलेलं असेल तर

लोक साप घेऊन येतात माझ्याकडे.
युरियाच्या पिशवीत, दुधाच्या किटलीत,
एकदा तर लग्नातल्या बुंदीच्या डब्यात, झाकणाला दोरी बांधून.
आधी साप टेबलावर, मग माणूस.
"सिस्टर, बघा बरं, इखारी हाय का?"
आणि साप कसला,
डोक्याच्या जागी नुसता चिखल.

नर्सिंगला हे कुणी शिकवलं नव्हतं.
शिकवलं जिंतूर रोडच्या पंक्चरवाल्या खाजामियाँनं,
ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधता शोधता.
"पट्टे दोघांच्याबी अंगावर हैत, बाई.
कुठून सुरू होतेत ते बघायचं.
कवड्याला मानेपासूनच घाई,
गळ्यात रुंद पट्टा घालूनच निघतो घरातनं,
अन् शेपटीकडं जाता जाता चुना संपतो त्याचा.
मण्यारीचं उलटं. मानेपाशी कोरी,
मागं जाशील तशा पांढऱ्या जोडरेघा,
अन् कण्यावर मोठ्या षटकोनी खवल्यांची
एक ओळ, पोळ्यातल्या घरांसारखी."

"आणि डोकं ठेचलेलं असेल तर?"

"लोक डोकंच ठेचतेत.
उलथा करून शेपटीखाली बघ.
खवलं अख्खी, तर मण्यार.
मधून चिरलेली, दोन-दोन, तर कवड्या.
जिता असला तर मात्र लांबूनच. मला फोन कर.
हुशारी नको."

घोणस आणि डुरक्याही त्यानंच सांगितले:
एकीच्या ठिपक्यांना साखळीची शिस्त,
दुसऱ्याच्या अंगावर चहा सांडलेला.
फुरसं म्हणून मारलेले मांजरे किती आले, मोजले नाहीत.

भादवा. लाइट गेलेली. रात्रीचे दोन.
मुंजाजीची मोटरसायकल,
मध्ये लेक प्रणिता, मागं तिचा मामा,
मामाच्या हातात पिशवी.
"कानामागं मुंगी चावल्यावानी झालं म्हणती.
उशाला ह्यो गावला. संपवला."

बॅटरी दातात धरली. उलथा केला.
दोन-दोन.
गळ्यापासून पट्टे, शेपटीकडे पुसट.
पालींवर जगणारा, भिंती चढणारा,
कुणाच्या अध्यात ना मध्यात.
"कवड्या आहे," मी म्हटलं. "बिनविषारी."
मामा हसला. मुंजाजी पायरीवर मटकन बसला.
मीसुद्धा, खरं सांगते, मडक्यातलं पाणी प्यायले.

तेव्हा प्रणिता म्हणाली,
"सिस्टर, तुम्ही दोन-दोन दिसायलात."

वर बघ म्हटलं.
भुवया वर गेल्या,
पापण्या नाही गेल्या.

पुढचं तुकड्या-तुकड्यानं आठवतं.
लस. सलाइन. एकशे आठचा लाल उजेड
उसाच्या पानांवर फिरत जाणारा.
तिच्या तोंडावर मास्क, माझ्या मुठीत फुगा,
दाब, सोड, दाब, सोड, परभणीपर्यंत.
मुंजाजी मला सारखं विचारत होता,
"पण तुम्हीच म्हणलाव ना, बिनविषारी हाय?"

साप मी बरोबर ओळखला होता.
साप तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी खाजामियाँनं
त्यांच्या घरातली ज्वारीची पोती एकेक हलवली.
तिसऱ्याखाली होती ती,
वेटोळं घालून, डोकं आपल्याच अंगाखाली लपवून.
"दिवसा लई गरीब असती," म्हणाला,
आणि बरणीत घालून डोंगराकडे घेऊन गेला.

प्रणिता अकरा दिवसांनी चालत आली, आवाज अजून बसलेला.
तिला तो बघायचा होता, मामानं मारलेला.
बरणी दाखवली. फॉर्मॅलिनमध्ये पट्टे अजून उतरलेत.
"ह्येच्यावर काय लिव्हलंय?"
"तूच वाच."

तिनं बोट ठेवून वाचलं, माझं वाकडं अक्षर:
कवड्या. बिनविषारी. याने चावलेले नाही.

आता कुणी पिशवी आणली
की मी ती बाकाखाली सरकवते.
आधी माणसाला म्हणते, वर बघ.