भूमीचा मुलगा

चवथीच्या मंडपाचे बांबू अजून परसात पडून असतात,
तेच उचलून आणतो आम्ही.
गणपतीच्या छपराच्या होतात
नरकासुराच्या बरगड्या.
पिसुर्ल्यात कुणाला यात काही वावगं वाटत नाही.

पेंढा मात्र विकत आणावा लागतो.
खाणीचा गाळ उतरला तेव्हापासून
खालच्या मळ्यात भात नाही.
सगुण दोडामार्गला जाऊन दोन भारे घेऊन आला टेम्पोने.
पँट आग्नेलच्या पप्पांची. ते जुलैत गेले.
आग्नेल म्हणाला, जाळा, पण आधी खिसे बघा.
खिशात निघाली
ट्रकच्या फेरीची एक पावती,
लाल, धुऊनसुद्धा लाल.
ती त्याने पाकिटात ठेवली,
दोन तारखेला मेणबत्त्या घेऊन जाईल तेव्हा नेईल म्हणाला.

तोंड मी रंगवतो. सतरा वर्षं झाली.
सुळे थर्माकोलचे, जीभ जुन्या ट्यूबची,
डोळे शेवटी.
डोळे काढताना मला मामाची गोष्ट आठवते:
हा भूमीचा मुलगा. मरताना यानेच मागून घेतलं,
माझ्या दिवशी दिवे लावा, तेल लावून न्हा.
म्हणजे सण त्याचा.
आईचं काय झालं, मी विचारलं होतं.
कुणी म्हणतं सत्यभामा म्हणजे तीच,
बाण तिनेच सोडला.
मामाने विडी विझवली आणि झोपायला गेला.

रात्रभर ढोल, स्पीकर, धूर.
वायरला मुकुट अडकला, वेळूने वायर उचलून धरली.
चार वाजता आमचा कृष्ण टेम्पोत झोपला,
पुठ्ठ्याचं चक्र उशाला घेऊन.
कुणीतरी त्याच्या हाताला धरून काडी लावून घेतली.

जाळतो आम्ही खाणीच्या कडेला,
मोकळी जागा तेवढीच.
आधी पोटातले फटाके, मग पँट, मग तोंड.
सगळे वर बघत होते.
मी खाली पाहिलं:
खड्ड्यातल्या हिरव्या पाण्यात
तो जळत होता उलटा,
डोकं खाली,
पोटात मूल असतं तसा.

घरी आलो. तुळशीपुढे
डाव्या अंगठ्याखाली कारीट फोडलं,
रस जिभेला लावला. कडू.
बायकोने ताकातले फोव पुढे ठेवले,
म्हणाली, आधी हात धू,
रंग नाही गेला अजून.

तो रंग नव्हता.